देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला बसणार नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मात्र मी कधी लपवलं नाही — अजूनही ताठ मानेनं सांगतो. नामपूरला दादाचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या कमाईवर माझं नाशिकचं कॉलेज झालं. घरात मोबाइल अडला, गॅसचं बुकिंग अडलं, की मला फोन. मी सांगेन ते शेवटचं. त्यावर कुणी बोलत नसे. कोण बोलणार? बाकी कुणी शिकलेलंच नव्हतं.

दादाचं लग्न झालं त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होतो. वहिनी ताहराबादकडची. शूटिंगवाल्यानं सगळं लग्न एका पेनड्राइव्हवर भरून दिलं. पण आमचा टीव्ही जुना, डबा. त्याला पेनड्राइव्ह लावायची सोय नव्हती. मग ठरलं — दिवाळीला नवा टीव्ही घ्यायचा, वहिनीच्या माहेरच्यांना बोलवायचं, आणि सगळ्यांनी मिळून लग्न बघायचं. तोपर्यंत आधी कुणी बघायचं नाही, असं वहिनीनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. पेनड्राइव्ह तिनं देव्हाऱ्यात ठेवला, बाळकृष्णाच्या मागे. घरातली सगळ्यात जपलेली जागा तीच.

गणपतीत मी घरी आलो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायची होती. त्यासाठी एक पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा, त्यावर लिनक्स चढवायचं, आणि त्यावरून लॅपटॉप चालू करायचा — काम तेवढंच. माझा पेनड्राइव्ह नाशिकला रूमवर राहिला होता. बाजारातून नवा आणता आला असता. आणला नाही. उठलो आणि देव्हाऱ्यात हात घातला.

मनात होतं की शूटिंग आधी लॅपटॉपवर उतरवून घेऊ, काम झालं की परत भरू. पण लॅपटॉपमधली जागा मी सकाळीच लिनक्ससाठी वेगळी काढून ठेवली होती. शूटिंग मावेना. आता? म्हटलं, शूटिंगवाल्याकडे कॉपी असणारच. प्रोग्रॅमनं विचारलंसुद्धा — यावरचं सगळं नष्ट होईल, पुढे जायचं का? तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, चहा टाकू का?" मी म्हणालो, "टाका." आणि ओके दाबलं.

शूटिंगवाला दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "हार्डडिस्क रिकामी केली ना भाऊ. तुम्हाला माल दिला, तुम्ही सांभाळायचा."

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. मी तेव्हाच स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं असतं, तर वहिनी रडली असती, दादानं चार शिव्या घातल्या असत्या, आणि आज मी हे लिहीत नसतो. मी काय केलं? लिनक्सचं काम उरकल्यावर पेनड्राइव्ह झटपट फॉरमॅट मारून कोरा केला, फडक्यानं पुसला आणि बाळकृष्णाच्या मागे जसाच्या तसा ठेवून दिला.

दिवाळीत नवा टीव्ही आला. वहिनीचे वडील — आम्ही त्यांना तात्या म्हणायचो — नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. आईनं चिवड्याची ताटं फिरवली. दादानं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर काहीच नाही. परत लावला. काहीच नाही. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी पेनड्राइव्ह हातात घेतला. त्याच्या टोपणाला थोडं कुंकू लागलेलं होतं. मी तो उजेडात धरला, डॉक्टर एक्स-रे धरतात तसा, आणि म्हणालो, "पाणी गेलंय यात. देवाला आंघोळ घालताना उडालं असणार."

किती सहज आलं तोंडात! मला आधी सुचलेलंसुद्धा नव्हतं. कुंकू बघून सुचलं.

देवपूजा वहिनी करायची. ती उभी होती तिथेच भिंतीला टेकली. आई पुटपुटली, "देव्हारा काय कपाट हाय का, काही बी ठेवायला?" दादा म्हणाला, दुकानात दाखवू. त्यावर मी काय म्हणालो, ऐका. म्हणालो, "दुकानदाराला काय कळतं? मी याचंच शिक्षण घेतोय. आतली चिप गेली. आता जगातला कुणीही यातून काही काढू शकत नाही."

तात्या मात्र हसले. "जाऊ दे गं पोरी. मी जिता हाय ना अजून? मला बघायला शूटिंग कशाला पायजे? ये, चिवडा खा."

पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. मळ्यात चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. त्यांचा चालता-बोलता असा एकही व्हिडिओ कुणाकडे नव्हता. भिंतीवर लावायला फोटोसुद्धा आधार कार्डावरून मोठा करून घेतला.

दहावं-तेरावं झालं आणि वहिनीनं पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोरा बांधून. म्हणाली, "भाऊजी, नाशिकला मोठी दुकानं असतात. एकदा दाखवा. माझ्या हातानं गेलंय, मला माहीत हाय. पण एकदा दाखवा."

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मी इतकी वळणं घेतली.

मी तो दुकानात नेला नाही. नाशिक रोडच्या माझ्या खोलीत बसून, डिलीट झालेल्या फाइल शोधणारा एक प्रोग्रॅम त्यावर चालवला. आणि — फाइल दिसल्या. सगळ्या नव्हे. लिनक्सनं सुरुवातीचा भाग खाल्ला होता. पण बाकीच्या होत्या. झटपट फॉरमॅटमध्ये माल जात नाही, फक्त त्याची यादी जाते, हे मी पुस्तकात शिकलो होतो. माल तिथेच पडून होता. दोन तासांचं काम होतं. तात्या परत आले असते.

तेवढ्यात दादाचा फोन. "उद्या सकाळच्या गाडीनं मी येतो. दोघं जाऊ दुकानात. मीच बोलतो त्याच्याशी."

दुकानदार काय म्हणेल? पाणीबिणी काही नाही, कुणीतरी फॉरमॅट मारलंय, असंच म्हणेल. दादाला फॉरमॅट म्हणजे काय ते कळत नसेल, पण 'कुणीतरी' म्हणजे काय ते कळतं.

तुम्ही म्हणाल — मग स्वतःच फाइल काढून द्यायच्या होत्यास. सुचलं नाही का? सुचलं. पण जगातला कुणीही काढू शकत नाही, असं मी भरल्या घरात बोलून बसलो होतो. निघालं असतं तर माझा शब्द खोटा पडला असता. आणि एकदा खोटा पडला, की पाण्याचं काय, हा प्रश्न आलाच असता. मी तात्या एका बाजूला ठेवले आणि माझा शब्द दुसऱ्या बाजूला.

फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट' असा एक चौकोन असतो. त्यात आपोआप टिक असते. ती काढली, की मशीन कोपरान् कोपरा पुसत जातं. त्यानंतर खरंच कुणीही काही काढू शकत नाही. मी ती टिक काढली.

हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, तेव्हा वहिनीचा फोन आला. दादाचं उद्याचं ठरलंय हे तिला माहीत नव्हतं; तिला वाटलं मी आत्ताच दुकानात आहे.

"काय म्हणतो तो?"

"बघतोय," मी म्हणालो. "वेळ लागेल म्हणे."

"लागू द्या की. घाई नका करू त्याला. आणि भाऊजी — चहा पाजा त्याला."

पट्टी अर्ध्यावर होती. तेव्हाही थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आला. दुकानदारानं तपासून सांगितलं, काही म्हणजे काही निघत नाही यातून. कशानं गेलं, ते दादानं विचारलं नाही. परतताना बसस्टँडवर दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबर होतास. आम्हीच येडे." आणि मला — हे लिहितानाही लाज वाटते — बरं वाटलं.

आज मी अंबडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. वहिनी अजून विचारते. मध्यंतरी म्हणाली, "भाऊजी, आता म्हणे एआय आलंय. त्यानं निघेल का?" मी म्हणालो, बघतो. नाही म्हणालो तर का नाही ते सांगावं लागतं. बघतो म्हणालो तर ती वाट बघते. वर्षानुवर्षं मी एवढंच म्हणतोय — बघतो. आणि ती आपल्या पोरीला सांगते, "काकांनी लय खटपट केली गं माझ्यासाठी."

मागच्या महिन्यात नामपूरला गेलो होतो. जेवताना वहिनी पोरीला लग्नाचं सांगत होती. "तुझे आजोबा त्या दिवशी एकदा बी खाली बसले नाय. दिवसभर नुसते उभे. लेकीचा बाप ना."

बसले होते. नाशिकला ती टिक काढण्याआधी मी सापडलेल्यांतली एक फाइल उघडली होती. कॅमेरा नुसताच चालू राहिलेला. सगळे पंगतीत गेलेले, स्टेज रिकामं. तात्या एकटेच वर आले. इकडेतिकडे बघून नवरीच्या खुर्चीवर टेकले. मग उठले, खुर्चीवर पडलेल्या अक्षता एकेक करून वेचल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. खिशावरून हात फिरवला आणि खाली उतरून गेले.

हे जगात फक्त मला माहीत आहे. वहिनीला सांगायचं, तर मी ते कधी पाहिलं हे आधी सांगावं लागेल.

वहिनीनं विचारलं, "भाऊजी, अजून भाकरी?"

मी ताट पुढे केलं.