वरच्या आळीचा पहारा

त्या सप्ताहात मी विठ्ठलावर रुसलेलो होतो. उरणजवळच्या आमच्या गावात कंटेनर यार्डाला जागा द्यायची की नाही, यावरून दोन आळ्यांचं बोलणं बंद पडलं होतं. वरच्या आळीने जागा दिली, आम्ही खालच्या आळीने नाही दिली. तेव्हापासून ना लग्नाचं आमंत्रण, ना मयताला जाणं. देवळात फक्त आम्हीच उरलो. हे तुला दिसत कसं नाही, असं मी विठ्ठलाला रोज विचारायचो.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाने ती गळ्यात घेऊन उभं राहायचं आणि पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. आजोबांच्या काळापासून आमच्या गावाने हा नेम मोडलेला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे, चांगला छाती फुगवून सांगण्याइतका. पण निम्मं गाव येत नसल्याने पहारे लांबले होते. त्या दुपारी माझ्यानंतर उभा राहणारा चुलतभाऊ न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकला. देवळात टाळ घेऊन बसलेल्या काही म्हाताऱ्या, त्यांना उभंही राहवत नव्हतं. माझे पाय लटपटू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पांडुरंगा, आता तूच धर, एवढंच मनात म्हणालो.

मान वर केली तर दारात सुदामदादा. वरच्या आळीचा पुढारी, जागेच्या कागदावर पहिली सही करणारा. त्याची गाडीही त्याच रांगेत अडकली, म्हणून तो घरी चालत निघाला होता. नळावर पाय धुऊन तो सरळ आत आला.

"इना मना दे," तो म्हणाला. "हात कापतान तुजं."

वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, ही रीत. तो वयाने मोठा, तरी आधी वाकला. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि ज्याचं तोंड पाहणार नाही म्हणत होतो, त्याच्याच पायांवर डोकं ठेवलं. मला रडू आलं, ते कशाला लपवू.

थोड्या वेळाने चुलतभाऊ धावतपळत आला आणि त्याने वीणेसाठी हात पुढे केले. दादा जागचा हलला नाही.

"तू बस. आता आमचे आलीचा पारा हाय."

संध्याकाळी त्याची सगळी आळी टाळ घेऊन देवळात आली.

यार्डाचा वाद मिटलेला नाही, पण आता आम्ही एका सतरंजीवर बसून भांडतो. मदत मागावी, ती कोणाच्या हातून पाठवायची हे विठ्ठलावर सोडावं, एवढं मी शिकलो. यंदा सप्ताहाचा पहिला पहारा सुदामदादाचा आहे, आणि त्याच्या पाया पडून वीणा घेणार आहे मी.