लातूरच्या खोलीतलं स्वच्छ खाणं

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा आमच्या सामानाकडं बघून कंडक्टर म्हणाला, "बाई, पोरीचं लगीन लावून द्यायला निघालात का?" सामानही तसंच होतं. गॅसची शेगडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, लोणच्याची बरणी, गादी, आणि वरून आमच्या ह्यांनी आणलेला केळीचा घड. अर्धापूरच्या माणसानं केळी दिली नाहीत तर त्याला निरोप दिल्यासारखं वाटतच नाही. ऋतुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावला, आणि तिला रांधून घालायला मी निघाले. सासर सोडून बाईमाणूस जाते ती बाळंतपणाला नाहीतर दवाखान्याला. मी पोरीच्या शिक्षणापायी चालले होते, आणि ते दोन वर्षांसाठी.

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, गाडीच्या खिडकीपाशी आल्या. गळ्यातली तुळशीची माळ सावरत म्हणाल्या, "पोरीचं खाणं-पिणं स्वच्छ ठेव. भलत्याच्या हातचं खाऊ देऊ नको." मी "हाव" म्हटलं. जाऊबाई, तुम्ही त्यांच्या मागंच उभ्या होतात. माझ्या वाटणीचा सैपाक, गुरं, सगळं तुमच्या अंगावर टाकून मी गाडीत बसले. म्हणून आज हे तुम्हालाच लिहून राहिले. तुम्ही आत्तापर्यंत एकाच बाजूचं ऐकलंय.

लातूरच्या त्या गल्लीत सगळ्या माझ्यासारख्याच. कुणी देगलूरची, कुणी उदगीरची, कुणी पार परभणीकडची. घरदार, शेतीभाती सोडून पोरांपायी आलेल्या आया. सकाळी डबे भरायचे, दुपारी जिन्यात बसून शेंगा फोडायच्या, अन् पोरांची टेस्ट असली की सगळ्यांनी मिळून घाबरायचं. खोली दाखवताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आम्ही स्वच्छ खाणारेच भाडेकरू ठेवतो. अंडं-मटण या घरात चालायचं नाही." त्यांना सगळे काकू म्हणायचे. माझ्या मनाला लई बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखंच घर मिळालं.

शेजारच्या खोलीत प्रज्ञाताई, आपल्या मुलाला घेऊन. गाव औसा तालुक्यात, पण आडबाजूला. क्लास सुटेपर्यंत गावची शेवटची गाडी निघून जायची, म्हणून तीही खोली करून राहिलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्यावरून मी काय ते समजले. बाई मात्र कमालीची टापटिपीची. लातूरला नळाचं पाणी म्हणजे दसरा-दिवाळी. तसल्या पाण्याच्या मारामारीतही तिची भांडी अशी घासलेली असायची की तोंड बघावं. पिण्याचं पाणी दुपदरी धडप्यातून गाळल्याशिवाय हंड्यात जायचं नाही. आल्या-आल्या ती माझ्याकडं चहा घेऊन आली. मी म्हटलं, "आज माझा उपास हाय." ती म्हणाली, "उपासाला चहा चालतो की!" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, दोन्ही कप तिथंच उभ्यानं पिऊन टाकले, आणि गेली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ऋतुजाच्या डोक्यात क्लीन इटिंग शिरलं. कुणीतरी फोनवर रोज रील टाकतं म्हणे: तेल नको, साखर नको, संध्याकाळी अन्न नको. माय गं, पोरगी वांग्याची भाजी वाटीतल्या पाण्यात बुडवायची, तेलाचा तवंग निघाला की मग खायची! शिजवलेली भाजी धुऊन खाणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. भाकरी चतकोर. वरण नुसतं पाणी. मी गुपचूप वरणात तूप सोडलं तर वासावरून ओळखलं आणि ताटावरून उठली. "मम्मी, तुला कळत नाही. हे खाणं स्वच्छ नाही." मी तिला रागानं म्हटलं, "तुझ्या आजीनं जन्मभर काय घाण खाल्ली का?" तर रडायला लागली. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. रात्रंदिवस पुस्तकात, आणि हाताच्या काड्या झालेल्या. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दृष्ट असती तर उतरली असती.

एक दिवस क्लासच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मलाच रागावले, की पोरीच्या अंगात रक्तच नाही. "अंडी खाता का?" मी म्हटलं, "आमचं माळकऱ्याचं घर हाय." त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, मग उरलंसुरलं खाणंही बंद. टेस्टचे मार्क घसरायला लागले. ह्यांचा फोन आला, "असंच असंल तर घेऊन ये घरी. डॉक्टरकी नको, पोरगी वाचू दे." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन दार लावून रडले. मला परीक्षेची फिकीर उरली नव्हती. माझी पोरगी माझ्या डोळ्यांदेखत, भरल्या डब्यांच्या खोलीत, उपाशी मरून राहिली होती, आणि मला तिला घास भरवता येत नव्हता.

मग महिनाभरात ती जरा हसायला लागली. जिना चढताना धाप कमी झाली. मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. एका दुपारी मी भाजी घेऊन लवकर परतले तर शेजारच्या खोलीत तिचा आवाज. दार लोटलेलं होतं. ऋतुजा मांडी घालून बसलेली, पुढ्यात वही, आणि हातात उकडलेलं अंडं. मीठ-मिरपूड लावून मजेत खाऊन राहिली होती. प्रज्ञाताई इलेक्ट्रिकच्या किटलीतून दुसरं अंडं काढत होती. मला बघून म्हणाली, "आत तरी या, न्हाईतर दार तरी लावा. काकू जिन्यावर हाय."

पोरगी क्लासला गेल्यावर मी गच्चीवर प्रज्ञाताईला गाठलं. "मला कामून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं," ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "पोरगी माझ्या दारात डोकं धरून बसली व्हती. काय खाशील म्हणलं, तर अंडं म्हणली. तिच्या त्या फोनमधी अंडं स्वच्छ हाय म्हणं. मी काय, देऊ नको व्हतं?"

आत्याबाईंच्या लेखी अंडं म्हणजे विटाळ. काकूंच्या लेखी घर बाटलं. पोरीच्या लेखी जगात तेवढंच एक स्वच्छ. आणि माझा जीव तर अंड्यातही नव्हता अडकला, कुणाच्या हातचं खाल्लं त्यात अडकला होता. ते मी गच्चीवर उभी राहून कबूल केलं, मनातल्या मनात. तोंडानं एवढंच म्हटलं, "टरफलं नीट टाका." त्या दिवसापासून मी रोज दुपारी मुद्दाम बाजारात जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवणं सोपं नव्हतं. काकूंचं पाऊल वाजलं तरी मी दचकायची.

परीक्षा महिन्यावर आली होती. नळाला पाणी आलं म्हणून काकूंनी गटार साफ करायला काढली आणि जाळीत टरफलं सापडली. सहा खोल्यांचं घर. पण काकू कुणालाच विचारायला गेल्या नाहीत, सरळ प्रज्ञाताईच्या दारात उभ्या. "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. ह्या लोकांना खोली द्यायलाच नको होती. उद्या खाली करा." सगळ्या आया जिन्यात गोळा झालेल्या. प्रज्ञाताईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन पोराची पुस्तकं आवरायला लागली.

मी भ्याले, खोटं सांगत नाही. एक शब्द बोलले तर फोन अर्धापूरला जाणार हे मला माहीत होतं. गप्प बसले तर तिचं पोरगं ऐन परीक्षेत रस्त्यावर, आणि माझी पोरगी परत उपाशी. मी म्हटलं, "काकू, अंडी आमची हायत. माझी ऋतुजा खाते."

काकू हसल्या. "तुम्ही माळकरी घरच्या. कशाला दुसऱ्याचं पाप अंगावर घेता?"

तशी प्रज्ञाताई आतून उसळून आली. "पाप कशाचं? अंडी माझीबी हायत आणि त्यांच्या पोरीचीबी. खाल्लं ते खाल्लं. पाप म्हणायचं काम न्हाई!"

जाऊबाई, मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी तिच्या खोलीत गेले, टोपलीतली उरलेली दोन अंडी घेतली, माझ्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं, आणि दूध तापवायच्या पातेल्यात ती माझ्या गॅसवर ठेवली. अख्खा जिना बघत होता. किती वेळ उकडायचं तेच मला माहीत नव्हतं. मी सारखी डोकावून राहिले. प्रज्ञाताई दारातून म्हणाली, "दुधागत उतू जायचं न्हाई ते. बसा खाली." कुणीतरी फसकन हसलं. तेवढ्यात ऋतुजा क्लासवरून आली, सगळ्यांच्या तोंडाकडं बघून पांढरी पडली. मी तिला म्हटलं, "बस. खा." माझ्या हातानं सोलून दिलं. तिनं खाल्लं, रडत रडत, पण दोन्ही खाल्ली. मी नाही खाल्लं. पण पोरीच्या तोंडात घास जाताना बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

काकू तावातावानं खाली गेल्या नाहीत, तेही सांगते. डोळे भरून म्हणाल्या, "माझं देवघर आहे हो ह्या खोलीच्या बरोबर खाली." त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, आम्ही दोघी जातो." दोन दिवसांत गेलोही. पुढच्या गल्लीत दोन खोल्या आणि मध्ये एकच सैपाकघर मिळालं. प्रज्ञाताई भाकरी थापते, मी वरण-भाजी करते. ऋतुजा आता भाजी धुत नाही, पण तेलावरून अजून कुरकुर करते. प्रज्ञाताईशी माझं भांडणही होतं. तिला माझं भांडं घासणं पटत नाही, पुन्हा घासून ठेवते. मला लई राग येतो.

परवा परीक्षा झाली. निकाल लागेल तो लागेल. जिन्यातलं सगळं फोनवरून अर्धापूरला पोचलंच होतं, मग आत्याबाईंचा फोन आला. बोलणं मोजकंच झालं. "पोरीला घेऊन ये. ते पातेलं मातर तिकडंच टाक. घरात आणू नको." तुम्हाला सांगते, पातेलं मी टाकीन. एका पातेल्यासाठी म्हातारीचा जीव नाही दुखवायचा.

पण प्रज्ञाताई आमच्यासंगं अर्धापूरला येणार आहे. तिला केळीची बाग बघायची आहे, मीच बोलावलं. आत्याबाईंना हे अजून माहीत नाही, तुम्ही सांगा. तिला घरात बसवा, आपल्या कपात चहा द्या. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे अर्धापूर, विचारायचं काय त्यात? आता वाटतं, माझ्या लेकराला ज्या बाईनं जगवलं तिला जिथवर जाता येईल, तिथवर माझं घर. आत्याबाई तिला ओसरीवरच बसा म्हणाल्या, तर मीही तिच्याशेजारी ओसरीवरच बसेन, ऋतुजाही बसेल. तुम्ही तुमचा कप घेऊन कुठं बसायचं, ते जाऊबाई, आमची गाडी यायच्या आत ठरवून ठेवा.