पाठीचा साचा

गाडीच्या मागच्या भागात मला एकदा बसवलं की माझी मी बाहेर पडू शकत नसे. दोन दारांची जुनी हॅचबॅक, मागची सीट काढून टाकलेली, आतलं कापड सोललेलं, आणि वजन कमी करायचं म्हणून दारांची आतली हँडलंसुद्धा नवऱ्याने उपसून ठेवलेली. स्वतःच्या दाराला त्याने एक दोरी बांधली होती. ती ओढली की दार उघडायचं. माझा हात तिच्यापर्यंतही पोचत नव्हता. काचा बंद, कारण काच उघडली की हवा आत शिरते आणि मोजणी बिघडते. एसी तर त्याने सगळ्यात आधी काढला होता. मे महिना होता आणि मी उलट्या तोंडाने, मागच्या काचेकडे बघत, पत्र्यावर घातलेल्या गोणपाटावर बसले होते.

‘‘दिसतंय काय?’’ तो पुढून ओरडायचा.

‘‘दिसतंय. मी मेले की सांगते.’’

आमचं घर पेणजवळच्या जोह्याचं. जोह्यात घर म्हणजे गणपतीचा कारखाना, वेगळं काही सांगावं लागत नाही. ओटीवर, पडवीत, मागच्या मांडवात मूर्तीच मूर्ती. माणसांनी अंग चोरून त्यांच्यामधून चालायचं. माझं माहेर रोह्याचं. लग्न करून आले तेव्हा मला वाटलं होतं, आपण डोळे आखायला शिकू. पण डोळे सासऱ्यांचे. चेहरा, सोंड, हात, दागिने नवऱ्याचे, तेही कंपनीतून आल्यावर. माझ्याकडे आल्या त्या पाठी. गणपती बसतो मखरात, भिंतीला लागून. त्याची पाठ कोण बघणार? म्हणून पाठीला एकच हात रंग द्यायचा, घासायचं जेमतेम, आणि मूर्ती फिरवून पुढच्या माणसाकडे सरकवायची. मूर्ती चिकटू नये म्हणून साच्याला तेल-साबणाचा हात लावणं हेही माझंच काम. नऊ वर्षं मी पाठी केल्या. भक्तिभावाने केल्या असं म्हणणार नाही. कंटाळून केल्या, पण वाईट एकही केली नाही.

नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. उरलेला जीव त्या गाडीत. इंजिन त्याने स्वतः खोलून पुन्हा बसवलं होतं, आणि मैदानावर घड्याळ लावून गाड्या पळवतात तिथे तो जाऊन यायचा. तिथेच त्याला पुण्याचा एक गॅरेजवाला भेटला. शर्यतीच्या गाड्या बनवणारा. तो म्हणाला, ‘‘इंजिनवाले मला ढीगभर मिळतात. वारा कळणारा माणूस मिळत नाही, आणि फायबरचे साचे करणारा तर नाहीच. गाडीवर काहीतरी करा, मोजून दाखवा, मग बोलू.’’

त्या रात्री जेवताना नवरा मला म्हणाला, ‘‘ह्ये दोघांचं काम हाय गो. साचा तुला येतो, गाडी मला. दोघंही जाऊ पुण्याला.’’

दोघंही जाऊ. या दोन शब्दांवर मी तो उन्हाळा काढला. मला जोह्यातून बाहेर पडायचं होतं. सासरा वाईट नव्हता, घरात खायला होतं, कोणी हात उगारत नव्हतं. तरी मला बाहेर पडायचं होतं. सकाळी उठून पाठमोरे गणपती बघितले की तसंच चालत सुटावंसं वाटायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अंगात आलंय म्हणाले असते.

मोजायला रस्ता पाहिजे होता. आमच्या हायवेवर ट्रक, बस आणि खड्डे यांतून जी जागा उरते तिच्यात गाडी पळवणं शक्य नव्हतं. पण रुंदीकरणाचं काम सुरू होतं, आणि गडबजवळ काँक्रीटचा एक तुकडा पुरा होऊन पडला होता. दोन्ही टोकांना मातीचे ढीग. कुठून येत नाही, कुठे जात नाही, असा दोन किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता. शेताच्या बांधावरून गाडी त्यावर चढवायची. पद्धत सोपी होती. गाडी ऐंशीच्या वर न्यायची, गिअर काढून न्यूट्रलला टाकायची आणि सोडून द्यायची. ऐंशीवरून पन्नासवर यायला किती सेकंद लागतात ते मी घड्याळात मोजायचं. वारा जितका कमी अडवेल तितकी गाडी जास्त वेळ पळणार. मग वळून उलट्या दिशेने तेच, म्हणजे खाडीवरून येणारा वारा एकदा पाठीशी, एकदा तोंडावर, आणि दोन्हींची सरासरी धरायची. तो ‘‘ऐंशी!’’ ओरडला की बटण दाबायचं, ‘‘पन्नास!’’ ओरडला की पुन्हा दाबायचं. असं दहा-दहा वेळा. प्रत्येक वेळी मातीचा ढीग आला की वळायचं. रोहा तिथून फार लांब नव्हतं. पण पेणकडे निघालो की रोहा माझ्या डोळ्यांसमोर मागे मागे जायचं, आणि रोह्याकडे निघालो की ते माझ्या पाठीमागे असायचं. दिसायचं कधीच नाही.

वारा डोळ्यांना दिसावा म्हणून गाडीभर लोकरीचे धागे चिकटवले होते. बोटाएवढे पांढरे तुकडे, एका टोकाला टेप. पुढच्या बोनेटवर, छपरावर, आणि मागच्या काचेवर, जिथे मी बसून बघू शकेन. बांधावरून एक शेतकरी रोज बघत उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याने नवऱ्याला गाठलंच.

‘‘गाडीला लोकर कशाला लावलीस रे? थंडी वाजते काय तिला?’’

‘‘वारा बघतोय, काका.’’

‘‘आनि बायकोला कोंडून ठेवलीस ती कशाला?’’

मी आतून काचेवर हात आपटला. तो म्हातारा मला फार आवडला.

नवऱ्याने सगळी मेहनत पुढच्या भागावर घेतली. बंपरखाली फायबरचा ओठ, दिव्यांभोवती वळण. चेहरा करावा तसं केलं त्याने ते. पाणी लावून बारीक कागदाने घासलं, पुन्हा घासलं, बोट फिरवून डोळे मिटून बघितलं. जोह्यात जन्मलेला माणूस दुसरं काय करणार? पुढून गाडी खरोखर देखणी झाली होती. आधी बत्तीस सेकंद येत होते. ओठ लावल्यावरही बत्तीसच आले. दिवसभर बत्तीस. त्याने घड्याळ बदललं, टायरची हवा बदलली, शेवटी माझ्यावर घसरला.

‘‘तू बटन उशिरा दाबतेस.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबंध दिवस मी त्या भट्टीत उकडत होते आणि हा म्हणतो मी बटण उशिरा दाबते. मी म्हटलं, ‘‘तुमी मागं येऊन बसा. मग कलंल तुमाला, बिघाड कुठं हाय तो.’’

कारण मला तो कळला होता. छपरावरचे धागे सरळ मागे झोपलेले असायचे. पण छप्पर संपून काच सुरू होते तिथून खालचे धागे वेड्यासारखे करायचे. गोल फिरायचे, आपटायचे, काही तर उलटे होऊन छपराकडे वर चढायचे. ऐंशीच्या वेगाने पुढे पळणाऱ्या गाडीवर धागा पुढच्या दिशेने उभा. मी दोन दिवस ते बघत होते. वारा पुढून बरा येत होता, मागे त्याला सुटायला जागा मिळत नव्हती. तो तिथेच घुटमळून गाडीला मागे खेचत होता. मला वाऱ्याचं शिक्षण नाही, पण घुटमळणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं.

मी सांगितलं तर तो हसला. ‘‘पाठीला काय करायचंय? वारा तोंडाला लागतो.’’

घरातही मी नऊ वर्षं हेच ऐकत आले होते. पाठीला काय करायचंय.

गाडी घरी ठेवून तो शिफ्टला गेला तेव्हा मी कामाला लागले. छपराच्या मागच्या कडेवर प्लास्टिक अंथरलं आणि छप्पर मागे लांबवल्यासारखी शाडूची माती लावली. वरून छपराच्या उताराला धरून, शेवटी एकदम तोडलेली कड. किती लांब, किती खाली, हे बोटांनी ठरवलं. दोनदा मोडून पुन्हा केली. मग त्यावर प्लास्टरचा साचा दोन तुकड्यांत घेतला, आतून तेल-साबण, आणि साच्यात फायबर. मूर्तीची पाठ कधी घासली नसेल इतकी साच्यातून निघालेली ती पट्टी मी घासली. सासरे ओटीवरून बघत होते. ‘‘आता गाडीचीपन पाठ करतेस काय गो?’’ एवढंच म्हणाले.

नवऱ्याने कुरकुरत ती बसवली. गडबला गेलो. त्या दिवशी खाडीचा वारा पडला होता. मी मागे चढले, दार लागलं, काचा बंद. ‘‘ऐंशी!’’ मी बटण दाबलं आणि मान वर केली. पट्टीवरचे धागे सरळ रेषेत झोपले होते. काचेवरचे नुसते लोंबत होते. त्यांना कोणी हातच लावत नव्हतं. ‘‘पन्नास’’ कधी येतंय याची मी वाट बघत राहिले. चौतीस सेकंद. परत येताना चौतीस. दहा वेळा केलं, चौतीसच्या खाली एकदाही आलं नाही. नवरा गाडीतून उतरला आणि काँक्रीटवर नाचला. मला बाहेर काढायचं तो विसरला, पण त्या दिवशी मी तेही माफ केलं. आत बसून मी रडत होते. आनंदाने रडत होते.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. स्पीकरवर. ओटीवर सासरे डोळे आखत होते, मी दारात उभी. नवऱ्याने आकडे सांगितले, फोटो पाठवले. गॅरेजवाल्याने ते एकेक उघडून बघितले. मग म्हणाला, ‘‘मागची पट्टी छान आहे. कोणी केली?’’

नवरा म्हणाला, ‘‘मीच केली.’’

‘‘साचासुद्धा?’’

‘‘व्हय, आमचा कारखानाच हाय ना.’’

‘‘मग मला तुम्ही एकटेच पुरेसे आहात. पुढच्या सोमवारी या.’’

माझ्या हातात रंगाची वाटी होती. ती मी खाली ठेवली, फेकली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. फोन बंद झाल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला खरंच कळेना मी का पेटले. तो खोटारडा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्यात मूर्ती घेऊन जाणाऱ्याला कोणी सांगत नाही की चेहरा ह्याचा, पाठ तिची. मूर्ती कारखान्याची, आणि कारखाना घरातल्या पुरुषाचा. तो जन्मभर असंच बोलत आला होता. ‘‘चूक झाली गो,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या फोन करून सांगतो.’’

सासऱ्यांनी मूर्तीवरून ब्रश उचलला नाही की मान वळवली नाही. ‘‘सांगून काय करशील? दोघं गेलात तर पाठी कोन करील?’’

उद्या फोन झाला नाही. परवाही नाही. सोमवारी सकाळी तो निघाला. गॅरेजवाल्याला दाखवायचे म्हणून धागे तसेच ठेवले होते. ‘‘गनपती होऊन जाऊंदे, मग नेतो तुला,’’ तो म्हणाला. गाडी वळणापर्यंत गेली तोवर मी मागून बघत होते. पट्टीवरचा एकही धागा जागचा हलला नाही. माझं काम इतकं चोख झालं होतं की तो न अडखळता निघून गेला.

मी मांडवात परत आले तर सगळे गणपती माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्या वर्षीचा हंगाम मी कसा काढला ते विचारू नका. गाडीला निदान बाहेरून हँडल होतं. फोनवर तो गॅरेजच्या गोष्टी सांगायचा, आणि मी ‘‘बरं’’ म्हणायचे. त्या बरं-मध्ये काय काय भरलेलं होतं ते त्याला ऐकू येत नव्हतं.

विसर्जन झाल्यावर एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. गॅरेजला तशाच पट्ट्या आणखी तीन गाड्यांसाठी हव्या होत्या. त्याने आहे त्या पट्टीवरूनच साचा काढायला घेतला, आणि तेल-साबणाचा हात लावायचा राहिला. त्याच्या ते कधी अंगवळणी पडलंच नव्हतं. प्लास्टर पट्टीला घट्ट बसलं. ओढताना पट्टीचे तुकडे झाले. ‘‘बाबांना सांगून तुझा साचा पाठवून दे एसटीने,’’ तो म्हणाला.

तुझा साचा, तो म्हणाला. मी फोन तसाच सासऱ्यांच्या कानाला लावला.

साच्याचं आमच्याकडे फार कडक असतं. मूर्ती कोणीही न्यावी, पण साचा घराबाहेर जात नाही. गेलाच तर घरचं माणूस सोबत जातं, काम होईपर्यंत तिथे थांबतं आणि साचा घेऊन परत येतं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोनमध्ये म्हणाले, ‘‘साचा एकला जायाचा नाय. त्याच्यासंगती ती येल.’’ फोन माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जुन्या लुगड्यात गुंडाळ. कड फुटंल नायतर.’’

पेणहून पुण्याच्या एसटीत मला खिडकी मिळाली. साचा मांडीवर, काच उघडी, तोंड पुढे. खोपोलीपर्यंत केसांचा विस्कटून पार झाडू झाला होता, पण मी काच लावली नाही. शेजारची बाई दोनदा म्हणाली, लावा हो. मी लावली नाही.

गॅरेजमध्ये मी लुगडं सोडलं. मालक खाली बसला, साच्याच्या आतल्या बाजूने त्याने अंगठा फिरवला, कडेपाशी थांबला, पुन्हा फिरवला. नवरा माझ्या शेजारी उभा होता.

‘‘हा कोणी केलाय?’’ मालकाने विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याची वाट बघितली नाही.

‘‘मी,’’ मी म्हणाले. ‘‘मोडलेली पट्टीपण मीच केली होती.’’