ईदपासून बारावा दिवस

अठराव्या शतकाचं वेड लागलेली माणसं बघायची असतील तर तेव्हा पार्ल्याला यायला हवं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, आमचं अभ्यास मंडळ भरायचं. साठीची माणसं पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसायची आणि दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या सरदारांवरून अशी भांडायची की वॉचमन दारात येऊन बघून जायचा. मला जाम मजा यायची. मी त्यांच्यात सगळ्यात लहान. अंधेरीला बँकेत क्लार्क, राहायला जोगेश्वरी, आणि मोडी वाचता येते म्हणून जरा शेफारलेली. आई म्हणायची, "मेल्यांची पत्रां वाचतस, जित्यांका कधी लिवतलस?"

मोडी शिकवली सरांनी. सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. आमच्या या उपनगरांत मराठ्यांच्या काळात काय काय घडलं त्यावर त्यांनी एकच पुस्तक लिहिलं होतं, पण आयुष्यभर खपून. त्यातल्या तारखेवर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती.

मंडळाचं एक पानाचं वार्तापत्र निघायचं, सायक्लोस्टाइल केलेलं. कुणाला कुठे कागद मिळाले, कुणाचं व्याख्यान झालं, पुढची सभा कधी. त्यात सभेची तारीख मात्र आपली नेहमीची नाही! जुन्या मराठी कागदांत असते तशी. आधी 'छ', म्हणजे चंद्र, मग चंद्राचा कितवा दिवस, मग मुसलमानी महिना. ज्याला तारीख काढता येत नाही त्याने घरी झोपावं, असा सरांचा नियम.

त्या मे महिन्यात वार्तापत्र आलं आणि मी बँकेत खुर्चीतून उडालेच. 'छ १२ सवाल, सकाळी आठ, वर्सोवा धक्का. बोटीने मढला जाऊन किल्ल्याजवळ निबंधवाचन.' सहल असली की नेहमीच्या रविवारचा नियम नसायचा, तारीख काढूनच यायचं. आणि निबंध माझा! आयुष्यातला पहिला! ऐकायला पुण्याहून एक मोठे संशोधक येणार होते, आणि त्यांच्या पसंतीला उतरलं तर पुण्याच्या संमेलनात तोच निबंध वाचायला मिळणार होता. मला पुण्याला जायचंच होतं. उगाच कशाला आडपडदा ठेवू?

फक्त एक गोची होती. माझा निबंध म्हणत होता की सरांच्या पुस्तकातली एक तारीख चुकली आहे.

प्रकरण छोटंसं. एका तुकडीने रात्रभर चालून पहाटे खाडी पायी ओलांडली. जुन्या कागदात लिहिलंय, सूर्य उगवत होता आणि ओहोटी पूर्ण लागली होती. सरांनी जुन्या तारखेची इंग्रजी तारीख देणाऱ्या छापील कोष्टकावरून, म्हणजे गणिताच्या चंद्रावरून, दिवस काढला होता. पण त्या दिवशी पूर्ण ओहोटी अंधारातच होऊन जाते! ओहोटी रोज दोन घटका, म्हणजे साधारण पाऊण तास, पुढे सरकते. एक दिवस पुढे जा, की बरोब्बर उजाडताना येते. माझं म्हणणं, लिहिणाऱ्याने कोष्टक कुठे पाहिलं होतं? त्याने आकाशात दिसलेल्या चंद्रापासून मोजलं होतं, आणि चंद्र एक दिवस उशिरा दिसला होता. सरांना हे आधी सांगायची हिंमतच झाली नाही.

सवाल महिना रमझान ईदच्या चंद्राने लागतो. ईद झाली तो पहिला दिवस धरून मी बोटांवर मोजलं. बारावा दिवस रविवार. सोप्पं.

रविवारी धक्क्यावर पोचले तर आमचे सेक्रेटरी आणि आणखी दोघं, बस. सर नाहीत, पाहुणे नाहीत. साडेआठ झाले, नऊ झाले. बोंबील सुकत घातले होते तिथे बसलेली एक मावशी शेवटी म्हणाली, "कुनाला शोधता? काल पन चार म्हातारे येऊन बसले होते. त्यातला एक लय तापला होता."

"काल?" सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. "वाट लागली! सरांनी कोष्टक बघितलं असणार. मी ईदपासून मोजून लिहिलं होतं गं!"

म्हणजे अध्यक्ष शनिवारी आले, सेक्रेटरी रविवारी. असला घोळ आमचंच मंडळ घालू जाणे. पण मला हसू कसलं येतंय! पाहुणे सरांकडेच उतरले होते आणि त्यांची गाडी दुपारची होती. सरांकडे फोन नव्हता. मी रिक्षात बसले, सेक्रेटरींना आत ओढलं आणि सांगितलं, "पार्ला, आणि पळव!"

दार सरांनीच उघडलं. "काल कुठे होतीस? पाहुण्यांसमोर माझं नाक कापलंस. घाबरून बसलीस ना घरी?"

घाबरून? माझं डोकंच फिरलं. "सर, बारावा दिवस आज आहे!"

"कोष्टक बघ."

"ईद बघा ना सर! अख्ख्या मुंबईने केली ती ईद खोटी, आणि तुमचं कोष्टक खरं?"

असं मी सरांशी कधी बोलले नव्हते. आत पाहुणे आमरस-पुरी खात होते. त्यांचा हात ताटातच थांबला. मी म्हटलं, "सर, माझा निबंधच हा आहे," आणि पानं काढून उभ्या उभ्या वाचायला लागले. कोष्टक, चंद्र, ओहोटी, दोन घटका. 'अध्यक्षांच्या ग्रंथात दिलेला दिवस एकाने आधीचा आहे' हे वाक्य आलं, तेही वाचलं. पुरं वाचलं.

पाहुणे मोठ्याने हसले. "अहो, तुमच्या मंडळाने तर हिचा मुद्दा काल-आज प्रत्यक्ष करूनच दाखवला! संमेलनाला हाच निबंध पाहिजे."

मला नाचावंसं वाटत होतं. सरांनी कपाटातून आपलं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि पेनाने ती तारीख खोडली. पेन्सिलने नाही, पेनाने. पुस्तक मिटून ते माझ्याकडे वळले.

"पुण्याला मीही येतो. तिथे कुणीतरी उठून म्हणेलच, सरांच्या पुस्तकात वेगळं आहे. तेव्हा चुकलं म्हणून सांगायला मी समोर बसलेला बरा. तू एकटी कशाला भांडशील त्यांच्याशी?" मग स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी हाक मारली, "अहो, आणखी दोन पानं घ्या."