हरीकाकांची गिटार बदलली होती का?

मागच्या रविवारी दुकानात एक गिटार उघडायची मला चक्क भीती वाटत होती... इतकी वर्षं हेच काम करतेय, पण असं पहिल्यांदाच झालं.

मी पनवेलला इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करते. खरी साठच्या दशकातली गिटार कुठली आणि कंपनीने नंतर हुबेहूब तशीच काढलेली रीइश्यू कुठली, हे विचारायलाही लोक येतात. बहुतेकांना विकायची असते. हरीकाकांना नव्हती.

हरीकाका कामोठे गावातले, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी हळदीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, जोडीला जिवलग मित्र दत्ताकाका. बोटीवर काम करणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ही गिटार घेतली होती... साठच्या दशकातली, ओरिजिनल म्हणून.

पुढे दत्ताकाका सहा महिने दुबईला कार्यक्रमांना गेले, तेव्हा हरीकाकांनी ती त्यांना दिली. गिटार परत आल्यावर मुंबईच्या एका जाणकाराने नुसती बाहेरून बघून सांगितलं, ही रीइश्यू आहे. काकांनी एकच अर्थ काढला... दत्ताने माझी ठेवली आणि दुसरीच आणून दिली.

त्यानंतर तीस वर्षं दोघं बोलले नाहीत. काकांनी गिटार पेटीत टाकली ती टाकलीच.

आता दत्ताकाकांचं बायपासचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी मुलीला, स्मिताला, एवढंच सांगितलं होतं की त्याआधी हरीची गिटार कुणाकडून तरी नीट तपासून घे. ती खारघरहून काकांच्या दारात गेली आणि त्यांना गिटारसकट माझ्याकडे घेऊन आली. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. एकमेकांकडे बघतही नव्हते.

मी तारा काढल्या, नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा सोडवला. नेकचं जे टोक बॉडीत बसतं, तिथे फॅक्टरीचा तारखेचा शिक्का असतो. दिवा जवळ घेतला... साल ऐंशीच्या दशकातलं होतं.

अशा वेळी खोटं बोलता येत नाही. रीइश्यू आहे, असं मी सांगून टाकलं.

काका फक्त एवढंच म्हणाले, "मी तेच बोलत होतो." स्मिताने मान खाली घातली. नेक परत लावावा आणि यातून सुटावं, असं मला झालं होतं.

"ताई, अजून काही उघडता येतं का?" स्मिताने विचारलं.

पुढची प्लास्टिकची प्लेट राहिली होती. आत वेगळं काय निघणार, असं वाटत होतं... तरी एकेक स्क्रू काढला आणि प्लेट उलटी केली. आतलं सगळं त्याच सालातलं, फॅक्टरीचं, जसंच्या तसं. फक्त एक वायर जाड, हिरवी, आणि तिच्या टोकाला सोल्डरचा, म्हणजे जोडायला वितळवलेल्या धातूचा, भलामोठा गोळा.

ही कुणीतरी घरीच जोडलेली दिसतेय, मी सहज म्हणाले.

काका उठले. चष्मा लावून टेबलावर वाकले आणि त्यांनी त्या गोळ्यावर बोट टेकवलं.

"ही मी लावलीय," ते म्हणाले. "गिटार घेतली त्याच महिन्यात. आवाज मधेच जायचा. बापाच्या रेडिओतली वायर हाय ही."

मला समजायला एक क्षण लागला. म्हणजे गिटार तीच होती. दुबईला गेली ती हीच, आणि परत आली तीही हीच. काकांना मुळात मिळालीच होती रीइश्यू... आणि शिक्षा भोगली दत्ताकाकांनी.

स्मिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर.

"पोरी, दत्ता घरी हाय ना आता? मंग चल. त्याला बोलायचं नसंल तर नको बोलू दे. मला त्याच्या समोर जायचं हाय."

गिटार टेबलावर उघडीच राहिली. काका स्मिताच्या स्कूटरवर मागे बसून गेले.

संध्याकाळी तिचा फोन आला. काका दारातच उभे राहून म्हणाले होते, चूक माझी. दत्ताकाका पलंगावर जरा सरकले... शेजारी जागा करून दिली.

ऑपरेशन परवा नीट पार पडलं. काका दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते म्हणे.

त्या प्लेटला अकरा स्क्रू होते. काढायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत... तीस वर्षांत ते कुणीच काढले नव्हते.