एक चप्पल घातलेल्या बाई

टिटवाळ्याच्या आमच्या शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या बाई रोज निदान पाच मिनिटं एकाच पायात चप्पल घालून उभ्या असायच्या. वर्गाबाहेर चपला काढायची शाळेची पद्धत होती. तास संपत आला की बाई दाराशी जायच्या, उजवी चप्पल चढवायच्या आणि कुणाकडे तरी बोट करायच्या. "मी निघालेली बाई आहे. मला घाई आहे. धड्यात काय म्हटलंय ते एका वाक्यात सांग, म्हणजे मी दुसरी घालते." पुस्तकात याला मध्यवर्ती कल्पना म्हणतात. बाई नुसतं 'मुद्दा' म्हणायच्या, आणि आम्ही त्यांना एकचप्पल बाई म्हणायचो.

आता माझं सांगते. आम्ही भोईर, मूळचे इथलेच. भातशेती गेली, तिथे बिल्डिंगा आल्या, बोलणं तेवढं शिल्लक राहिलं. आमच्या घरात कुणी एका वाक्यात बोललेलं मी ऐकलेलं नाही. माझी आत्या चहा टाकू का हे विचारायला दूधवाल्याच्या सासुरवाडीपासून सुरुवात करते, आणि त्या सासुरवाडीचंही एक प्रकरण आहेच, पण ते राहू दे.

तर धडा होता एका गावानं मिळून तळं साफ केल्याचा. बोट माझ्याकडे आलं. मी टोपल्यांपासून सुरुवात केली. कुणाची फुटकी होती, कुणी शेजाऱ्याची ढापलेली. "भोईर, तळं हा विषय झाला. तळ्याचं काय?" "बाई, ते घाण झालेलं, म्हणजे आधी नव्हतं, आधी त्यात म्हशी..." तेवढ्यात घंटा झाली. "मुद्दा लंगडा, तर मीही लंगडी," म्हणून बाई एका चपलेवर स्टाफरूमकडे चालत्या झाल्या. दुसरी शिपाईमामा मागून घेऊन गेले. त्या वर्षी माझ्यामुळे मामांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की माझं नाव ऐकलं की ते आधीच दाराशी येऊन थांबायचे.

बाईंच्या पर्समध्ये एक बुटकी पेन्सिल असायची. मांडवाचा बांबू हलवून पाहावा तसं त्या धड्यातलं एकेक वाक्य हलवून बघायच्या. "हे काढलं तर धडा पडतो का?" पडत नसेल तर वाक्यावर रेघ. आम्हाला याचं वेडच लागलं. शाळेच्या फळ्यावर टाकीच्या साफसफाईची अर्धा फळा भरून सूचना लागली, तर मधल्या सुट्टीपर्यंत वर्गानं तिच्यात एवढंच शिल्लक ठेवलं: उद्या पाणी घरून आणा. मुख्याध्यापक चिडले. पण दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांकडे बाटल्या होत्या, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

स्नेहसंमेलनात मात्र हद्द झाली. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले आणि कौतुकानं म्हणाले, "काय रे बाळांनो, माझ्या भाषणातून काय घेतलंत?" आमच्या वर्गातला मोहिते उठला. "सर, मुद्दा असा की पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलवावं." मुख्याध्यापकांनी बाईंकडे बघितलं. बाई मोहितेला ओरडतील असं वाटलेलं. त्या मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाल्या, "आधार?" "बाई, सर चार वेळा म्हणाले, पुढच्या वर्षी येईन तेव्हा." बाईंनी मान डोलावली आणि आता पाहुण्यांचे आभार माना म्हणून शेजारच्या शिक्षिकेकडे फुलांची परडी सरकवली. पाहुण्यांनाही तो मानच वाटला असावा, कारण पुढच्या वर्षी ते खरंच आले.

त्याच सुमारास माझ्यावर संकट आलं. पप्पांनी मला कल्याणच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं. दारात मोठी गाडी आलेली, आता पोरगी मराठी शाळेत कशी शोभेल. फॉर्म भरून तयार होता. मला ही शाळा सोडायची नव्हती, म्हणून मी पप्पांना चार पानी पत्र लिहिलं आणि देण्याआधी बाईंना दाखवलं. बाईंनी पेन्सिल काढली. "आजोबांचे गुडघे काढले तर पडतं?" "नाही बाई." "नव्या शाळेच्या टायचा रंग?" "नाही." चारही पानं खोडून झाली. मला रडूच आलं. "भोईर, कुठलंही वाक्य काढलं तरी हे पत्र पडत नाही, कारण मुद्दा तू लिहिलेलाच नाहीस. तो पोटात ठेवलायस. काढ बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा फॉर्म द्यायला निघाले. ओट्यावर बसून त्यांनी एक बूट घातला, आणि तो एक बूट दिसताच माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, मला बाईंकडेच शिकायचंय." पप्पा बघतच राहिले. भोईरांच्या घरात एवढं लहान वाक्य कुणी बोललेलं नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग म्हणाले, "एवढंच ना गो बाय? मंग आदी बोलाचा ना." आणि घातलेला बूट काढून ठेवला.

मी दहावीपर्यंत तिथेच शिकले. हल्ली कोलशेतला एका बिल्डरच्या ऑफिसात माहितीपत्रकं लिहिते, म्हणजे मुद्दा लपवायचाच पगार घेते. बाईंना हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. लेकीकडे बंगळुरूला कायमच्या चाललेल्या. निरोपसमारंभात मी बोलणार होते, चार पानं लिहून नेलेली. पण आधीच्या वक्त्यांनी एवढा वेळ घेतला की माझा नंबर आलाच नाही. बाई उठल्या, दाराशी गेल्या. बाहेर रिक्षा उभी होती. त्यांनी उजवी चप्पल घातली, आणि मी कागद धरून पुढे गेले तशा थांबल्या.

"भोईर, मुद्दा?"

"बाई, जाऊ नका."

बाईंनी माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. डावी चप्पल समोर तशीच होती. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आधार?"

मी चार पानं पुढे केली. बाई तिथेच पायरीवर बसल्या. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला, म्हातारे झालेले शिपाईमामा सवयीनं मागे येऊन उभे राहिले. पेन्सिल पर्समधून निघालीच नाही. बाईंनी माझी चारही पानं वाचली, आत्याचा चहा, फुटक्या टोपल्या, आजोबांचे गुडघे, सगळं सगळं वाचलं, आणि मगच दुसरी चप्पल घातली.