कंबर नसलेला फ्रॉक आणि पट्ट्याचे बूट

माझा पहिला आणि शेवटचा फ्लॅपर फ्रॉक रिजेक्ट मालातला होता. मीही रिजेक्टच, असं तोवर तीन घरांचं मत पडलं होतं. त्यामुळे आमचं लगेच जमलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो आणि मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, परदेशी जाणारे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकर होते. तयार कपडा टेबलावर पसरायचा, शिवण, बटणं, काजं नीट बघायची आणि खोट सापडली की लाल चिठ्ठी लावून बाजूला टाकायचा. दिवसभर मी कपड्यांतली खोट शोधायचे आणि रविवारी माझी खोट शोधायला लोक घरी यायचे.

त्यांना फार शोधावं लागायचं नाही. लहानपणी पोलिओ होऊन गेल्यामुळे माझा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक राहिला आणि बोटभर आखूडही. मुलगी पाहायला आलेली माणसं पोहे खातात, शिक्षण विचारतात, भरतकाम येतं का विचारतात, आणि मग त्यांच्यातली एखादी आत्या साखरेच्या आवाजात म्हणते, "जरा चालून दाखव हं बाळ." आमच्याकडे घरात चपला नसतात, त्या दाराबाहेर. मी अनवाणी दोन पावलं टाकली की आत्याबाईंचा चेहराच उत्तर द्यायचा. तोंडानं म्हणायच्या, "कळवतो." तिन्ही वेळा कुणीही कळवलं नाही.

आईनं तर हे लपवणं हाच आयुष्याचा उद्योग करून टाकला होता. मी शाळेत जायला लागल्यापासून ती माझ्या डाव्या चपलेला खालून जुन्या स्लिपरचा तुकडा कापून चिकटवायची. साडी नेसायला लागले तेव्हा त्या बाजूच्या निऱ्या जरा खाली सोडायला शिकवलं. दर रविवारी पायाला तेल चोळायची, तेही दार लोटून. चाळीत दिवसा कुणाचं दार बंद नसतं, त्यामुळे आमचं दार लोटलेलं दिसलं की काय चाललंय ते साऱ्या गॅलरीला कळायचंच. मला या सगळ्याचा भयंकर संताप यायचा. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच तुकडा लावलेल्या चपला घालून कामाला जायचे, हेही खरं.

अशात कारखान्यात ती ऑर्डर आली. कुठल्याशा परदेशी गिऱ्हाइकाला साठ वर्षांपूर्वीच्या फॅशनचे पार्टी फ्रॉक हवे होते. सोबत जुन्या फोटोंची फाईल आली होती आणि फाईलवर 'फ्लॅपर' असं लिहिलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ती फाईल उघडली आणि डबा खायचा राहून गेला. कापलेले केस, कपाळावर पट्टी, गुडघ्यापर्यंतचा सरळसोट फ्रॉक आणि कुणाच्या बापाला न भिणारी नजर. माझी आजी त्या काळी मालवणात विहिरीवरून हंडे वाहत होती आणि या बाया कॅमेऱ्यासमोर एक पाय पुढे टाकून उभ्या होत्या. मला त्यांच्या उघड्या पायांपेक्षा फ्रॉकचीच जास्त नवलाई वाटली, कारण त्याला कंबर नव्हती. खांद्यावरून जो खाली यायचा तो थेट गुडघ्यांपर्यंत. साडीत माझी कंबर एका बाजूला वर, एका बाजूला खाली, हे शेंबड्या पोरालाही दिसायचं. या फ्रॉकात कंबर कुठे आहे हे कुणाला समजणारच नव्हतं!

त्या लॉटमधला एक फ्रॉक मीच रिजेक्ट केला. बाटलीहिरवा, मण्यांचे घोस लावलेला, पण खालची कड एका बाजूला बोटभर उतरलेली. लाल चिठ्ठी लावली आणि मग लक्षात आलं की उतरलेली बाजू डावी आहे. रिजेक्ट माल कामगारांना स्वस्तात मिळायचा. मी तो घेतला, बाथरूममध्ये घालून पाहिला, आणि तो माझ्या अंगावर सरळ दिसला. निदान मी तरी तसंच ठरवलं. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची ख्रिस्ती. जानेवारीत तिचं लग्न होतं. ती बाहेरून ओरडली, "झकास दिसतेस गं! हाच घालून ये लग्नाला. आणि नाचायचं हां, कारणं नको सांगू."

घरी आईनं फ्रॉक दोन बोटांनी उचलला. "ह्यां काय हाडलंस? पोटऱ्या उघड्ये टाकून खंय जातलंस?"

"मरोळला. लग्नाला."

"पायान अशी, आणि फ्रॉक घालतलंस?"

"पायाने अशी म्हणूनच घालणार."

तिनं फ्रॉक घडी घालून ट्रंकेत तळाशी टाकला. मी तो काढून वर ठेवला. हे आमचं आठवडाभर चाललं.

फ्रॉक होता, पण खाली घालायचं काय? स्लिपर घालून नाचता येत नाही, आणि माझ्या डाव्या पायातून तर साधी सँडलही निसटायची. फोटोतल्या बायांच्या बुटांना पायाच्या वरून येणारा पट्टा होता, बाजूला बटण आणि मधे बारीक झालेली, खाली पुन्हा रुंदावलेली टाच. मी ते चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून घेतलं आणि घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे पेन्सिल हील नाहीतर चमकीच्या सँडल. एक दुकानदार कागद बघून म्हणाला, "मॅडम, ये तो मेरी दादी के टाइम का माल है." नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडे गेले, तर त्यानं टोकाला वळलेले राजाचे जोडे काढून दाखवले. आता म्हणे असले बूट मोबाइलवर बोट फिरवलं की घरी येतात. येऊ देत. पण एका पायाला एका मापाचे आणि दुसऱ्याला दुसऱ्या मापाचे अजूनही येत नाहीत.

शेवटी कारखान्यातल्या कटिंग मास्टरनं देवनारच्या अलीकडच्या एका गल्लीतला पत्ता दिला. चामड्याचा वास, ओट्याओट्यावर ठोकाठोक आणि एका ओट्यावर सत्तरी ओलांडलेले एक कारागीर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. माझा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि खुशीत हसले.

"ह्यो बूट मी केलाय पोरी. उमेदवारीत होतो फोर्टात, तवा. मडमा नाचायच्या ह्यात. नाचताना निसटू नये म्हणून तर पट्टा हाय."

इतके दिवस मला वाटत होतं की निसटणारा पाय जगात माझा एकटीचाच. तेव्हा मी त्यांना चप्पल काढून पाय दाखवले. त्यांनी दोन्ही पायांखाली कागद ठेवून पेन्सिल फिरवली, हातानं घोटा चाचपला, आणि कसला चुकचुकाट न करता म्हणाले, "पायाचे लाकडी फर्मे दोन करावे लागतील. दोन पाय म्हंजी दोन गिऱ्हाइकं समजायची." मग विचारलं, "डाव्याची उंची टाचेत दिसू दिऊ, का आतनं घालू?"

मी म्हणाले, "आतून." खोटं कशाला बोलू? एवढी फणकाऱ्याची मी, पण त्या क्षणी माझ्या तोंडून आईच बोलली.

बूट तयार झाले ते तपकिरी, अंगठ्याएवढ्या बटणाचे. मी ते गॅलरीत घातले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. टक टक टक टक, सगळे ठोके सारखे. आई दारात पिठाचे हात घेऊन उभी होती.

"परत चल बघूया."

मी परत चालले.

"अजिबात कळणा नाय गो!" तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, बाईला बूट आवडले! मी वेडी. पुढच्याच रविवारचा तिनं कार्यक्रम ठरवला. मुलगा मुलुंडचा, बँकेत नोकरीला. आणि या वेळी पाहायचं घरी नाही, स्टेशनाजवळच्या उडुपी हॉटेलात, वरच्या फॅमिली रूममध्ये. हॉटेलात कुणी चपला काढत नाही.

मी घर डोक्यावर घेतलं. "हे बूट मी नाचायला केलेत, यांना दाखवायला नाही!" आई एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी." तीन नकारांनंतर तिला झोप लागत नसे हे मला माहीत होतं. मी साडी नेसले, निऱ्या खाली सोडल्या, आणि माझे फ्लॅपर बूट निऱ्यांखाली गुदमरत घाटकोपरच्या रस्त्यानं निघाले.

मुलाकडून तो, त्याची आई आणि ती ठरलेली आत्या. आमच्याकडून मी आणि आईबाबा. इडल्या आल्या, मेदूवडे आले. मुलगा बरा दिसला, दोन वाक्यं बरी बोलला. त्याची आई म्हणाली, "चालून बिलून दाखवायला नको हं, येतानाच पाहिलं. ठसक्यात चालते. आम्हाला पसंत आहे." आईनं माझा हात टेबलाखाली दाबला. तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. एक क्षण वाटलं, जाऊ दे, होऊ दे हे सगळं.

तेवढ्यात त्या बाई हसत म्हणाल्या, "फक्त ते बूट लग्नाआधीच काय ते मिरवून घे बाई. आमच्याकडे उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. एकदा माप ओलांडून आलीस की अनवाणी."

मला ते माप डोळ्यांसमोर दिसलं. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं, सगळा गोतावळा बघतोय, आणि मी अनवाणी पाऊल उचलते. ज्या पायरीवर नव्या नवरीला नाव घ्यायला लावतात, त्याच पायरीवर माझ्या आईला फसवी म्हणणार. मग रोज, आयुष्यभर, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत मला त्यांच्या डोळ्यांखाली चालायचं. लपवलेलं सापडल्यासारखं चालायचं!

मी खाली वाकले आणि डाव्या बुटाचं बटण काढलं. मग उजव्याचं. आई पुटपुटली, "नको गो." मी उठले, साडी घोट्याच्या वर धरली आणि त्या खोलीच्या टोकाला असलेल्या बेसिनपर्यंत चालत गेले. हात धुतले. परत आले. सावकाश, मुद्दाम, एरवी लंगडते त्याहून जरासुद्धा कमी नाही.

"आता पसंत आहे का सांगा."

मुलाची आई माझ्याशी बोललीच नाही. माझ्या आईकडे वळून म्हणाली, "म्हणजे फसवायला निघाला होतात?"

"तिला काही बोलायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाहेरचा वेटर डोकावून गेला. "बूट मी करून घेतलेत आणि पायही माझाच आहे."

मुलगा बशीतल्या चटणीकडे बघत राहिला. त्यानं एक शब्द काढला असता तरी मला त्याच्याबद्दल आज बरं वाटलं असतं. ते तिघं उठून गेले. बाबांनी समोरचा मेदूवडा शांतपणे संपवला, मग पानात राहिलेला माझाही संपवला, आणि म्हणाले, "चला."

मी रागाच्या भरात तशीच अनवाणी जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर बूट आठवले. मागे वळले तर आई येत होती, दोन्ही बूट पदराखाली छातीशी धरून. जी बाई कुणाच्या चपलेला पाय लागला तरी पाय धुवायची, ती भर बाजारातून माझे बूट उराशी धरून चालत होती. माझ्या पायात घाल असंही म्हणाली नाही.

दाराशी आल्यावर मी वाट पाहत होते की ती ते गॅलरीतल्या फळीवर आपटेल. तिनं ते घरात नेले. फडक्यानं तळ पुसले, ट्रंक उघडली आणि तिच्या लग्नातल्या शालूशेजारी, फ्रॉकच्या वर ठेवले.

"माझाच चुकला गो," ती ट्रंकेकडे बघत म्हणाली. "लपवूक मीच शिकवलंय तुका."

भांडायची सगळी तयारी करून आले होते मी. भांडायला माणूसच उरलं नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून धाय मोकलून रडले, आणि त्या रडण्यात त्या बँकवाल्यासाठी एक थेंबही नव्हता.

मरोळच्या लग्नात मी नाचले. नाचले म्हणजे मैत्रिणीच्या काकांनी सांगितलं तिथे पाऊल टाकलं, दोनदा त्यांच्या बुटावर, आणि घामाघूम होईपर्यंत थांबले नाही. पण मला तो नाच तितका आठवत नाही, जितकं निघतानाचं आठवतं.

फ्रॉक घातला, केसांना काळी रिबन बांधली आणि सवयीप्रमाणे बूट हातात घेऊन गॅलरीत निघाले, बाहेर घालायला. आई देवापाशी दिवा लावत होती.

"खंय चललंस?"

"बूट घालायला."

"थांब." तिनं सणासुदीचा पाट काढला आणि खोलीच्या मधोमध मांडला, देवासमोर. "बस हंय. घरातसूनच घालून जा."

मी बसले. दार सताड उघडं होतं आणि गॅलरीत निम्मी चाळ फ्रॉक बघायला जमली होती. मला वाटलं, ती आता दार लोटेल. आई माझ्यासमोर खाली बसली, माझा डावा पाय सगळ्यांच्या देखत मांडीवर घेतला आणि पट्ट्याचं बटण लावलं.